एम.टेक. की एमबीए? सांगली-साताऱ्याच्या अभियंत्यांनी निर्णय कसा घ्यावा

अभियांत्रिकीचे तिसरे वर्ष संपत आले की सांगलीचे वालचंद महाविद्यालय असो, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो किंवा साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट असो, सगळीकडच्या विद्यार्थ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. पुढे शिकायचे तर आपल्याच शाखेत खोलवर जायचे की व्यवस्थापनाकडे वळायचे? नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झालेल्या अभियंत्यांना तर हा प्रश्न अधिकच छळतो, कारण त्यांना दर महिन्याचा पगार सोडून तो सोडवायचा असतो. या लेखात दोन्ही मार्गांची ओळख करून देण्यापेक्षा निर्णय कोणत्या क्रमाने घ्यावा यावर भर दिला आहे. माझ्या मते अनेकांची निवड चुकीची नसते. ती चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या कारणासाठी केलेली असते.

कारणांपासूनच सुरुवात करू. ज्याला आपली शाखा नकोशी झाली म्हणून एमबीए करायचे आहे आणि ज्याला कॅम्पसमधून नोकरी मिळाली नाही म्हणून एम.टेक. करायचे आहे, त्या दोघांनीही अर्ज भरण्याआधी थोडे थांबावे. दोघेही समोरच्या गोष्टीपासून दूर जात आहेत, आणि दोन वर्षांनी त्यांच्यापुढे पुन्हा तोच प्रश्न येण्याची शक्यता आहे. यंत्रशास्त्राचा कंटाळा आलेल्या विद्यार्थ्याला अनेकदा यंत्रशास्त्राचा नव्हे, तर ते ज्या पद्धतीने शिकवले गेले त्या पद्धतीचा कंटाळा आलेला असतो. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प त्याने मनापासून केला असता तर कदाचित त्याचे मत वेगळे झाले असते.

आपल्याला कोणत्या जातीचे प्रश्न आवडतात?

कुपवाडच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी फाउंड्री डोळ्यांसमोर आणा. पंपाच्या केसिंगचे कास्टिंग ग्राहकाकडून परत आले आहे. त्याच्याकडे मशिनिंग सुरू झाल्यावर वरचा थर निघाला आणि आतली वायूची छिद्रे, म्हणजे ब्लो होल, उघडी पडली. नग टेबलावर ठेवला आहे आणि त्याच्यावर खडूने गोल करून ‘रिजेक्ट’ असे लिहिले आहे.

या एकाच नगातून दोन जातींचे प्रश्न निघतात. पहिल्या जातीचे प्रश्न असे: साच्याच्या वाळूत ओलावा जास्त राहिला होता का? वायू बाहेर जाऊ देण्याची वाळूची क्षमता कमी पडली का? कोअर, म्हणजे आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा, नीट भाजला गेला होता का? ओतताना धातूचे तापमान उतरले होते का? वायू बाहेर काढणाऱ्या व्हेंटची जागा बदलली तर फरक पडेल का, आणि तो फरक ओतण्याआधी संगणकावर सिम्युलेशन करून पाहता येईल का? दुसऱ्या जातीचे प्रश्न वेगळे आहेत: या लॉटमधले किती नग ग्राहकाकडे पोहोचले आणि डेबिट नोट, म्हणजे ग्राहकाची पैसे कापण्याची सूचना, किती रकमेची येणार? रात्रपाळीत वाळूची चाचणी कोणाकडून राहिली, आणि ती आळसामुळे राहिली की माणसे कमी असल्यामुळे? पॅटर्न दुरुस्त करायला दोन दिवस काम थांबवायचे तर दुसऱ्या ग्राहकाला दिलेली तारीख कशी सांभाळायची? आणि दर वाढवून न देणाऱ्या या ग्राहकाचे काम पुढच्या वर्षी घ्यावे की सोडावे?

पहिल्या प्रश्नांना बऱ्याचदा एक उत्तर असते, ते शोधायला वेळ लागतो आणि सापडल्यावर ते सिद्ध करून दाखवता येते. दुसऱ्या प्रश्नांना असे एक उत्तर नसते; अपुऱ्या माहितीवर, ठरलेल्या वेळेत, माणसांची मने सांभाळून निर्णय घ्यावा लागतो आणि तो बरोबर होता की नाही हे पुढे कधीतरी कळते. आपल्याकडे अनेक छोट्या कारखान्यांचे मालक दिवसभरात दोन्ही जातींचे प्रश्न हाताळतात हे खरे आहे. पदवी मात्र त्यांपैकी एकाच जातीची शिस्त लावते. त्यामुळे संध्याकाळी घरी जाताना आपल्या डोक्यात कोणता प्रश्न घोळत राहतो, याचे प्रामाणिक उत्तर हा निर्णयाचा पाया असायला हवा. यांपैकी कोणतीही जात श्रेष्ठ नाही. ‘हुशार मुले तांत्रिक शिकतात आणि बोलकी मुले एमबीए करतात’ ही समजूत दोन्ही बाजूंवर अन्याय करणारी आहे.

हे उत्तर नुसते विचार करून मिळत नसेल तर दोन सोप्या चाचण्या घरबसल्या करता येतात. एका रविवारी आपल्या शाखेची गेटची, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या परीक्षेची, जुनी प्रश्नपत्रिका घ्या. अशा प्रश्नपत्रिका गेटच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. घड्याळ न लावता ती सोडवा. किती गुण पडले हे गौण आहे. चुकलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर पाहून तुम्ही पान उलटता, की ते उत्तर तसेच का येते हे समजेपर्यंत पुस्तक खाली ठेवत नाही, हे पाहायचे आहे. दुसऱ्या रविवारी शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या अभियांत्रिकी कंपनीचा वार्षिक अहवाल वाचा. किर्लोस्करवाडीत १९१० पासून रुजलेल्या किर्लोस्कर ब्रदर्सचा घेतला तर तो आपल्या परिसराशी जोडलेलाही वाटेल. विक्री वाढली तरी नफा त्या प्रमाणात का वाढला नाही, येणे रक्कम किती अडकली आहे, कंपनी कोणत्या बाजारपेठेवर भर देते आहे, हे आकड्यांतून शोधताना वेळ कसा गेला ते कळले नाही, तर व्यवस्थापनाचे शिक्षण तुम्हाला मानवेल. तासाभरात डोळे मिटू लागले तर तेही एक उत्तरच आहे.

त्यानंतर दोन्ही मार्गांनी गेलेल्या, पदवी घेऊन चार-पाच वर्षे झालेल्या माजी विद्यार्थ्यांशी बोला. ‘कसे आहे?’ असे विचारू नका. त्याला ‘छान आहे’ हेच उत्तर येते. ‘काल सकाळी ऑफिसात गेल्यापासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केले?’ असे विचारा. व्यवस्थापनात गेलेल्याचा दिवस किती बैठकांत, फोनवर आणि एक्सेलच्या तक्त्यांत जातो, आणि डिझाइन विभागातला अभियंता एकाच मॉडेलवर आठवडेच्या आठवडे कसा बसतो, हे ऐकल्यावर पॅकेजच्या चर्चेत न दिसणारे चित्र दिसते.

आधी कोणते, नंतर कोणते

माझे ठाम मत आहे की तांत्रिक शिक्षण घ्यायचे असेल तर ते लवकर घ्यावे आणि व्यवस्थापनाचे शिक्षण शक्य तितके काम पाहिल्यानंतर घ्यावे. गणित, द्रवगतिकी, नियंत्रण प्रणाली, अल्गोरिदम या विषयांची पकड वापरात नसली की सैल होते. गेटला वयाची अट नाही, त्यामुळे पस्तिसाव्या वर्षीही ती देता येते. पण नोकरीतला थकवा आणि घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून विकलक समीकरणे पुन्हा हाताशी आणणे फार थोड्यांना जमते. व्यवस्थापनाचे याच्या उलट आहे. वर्गात एखाद्या कारखान्यातील संपाची किंवा बुडीत निघालेल्या मालाची केस चर्चेला येते तेव्हा ज्याने स्वतः पाळी सांभाळली आहे, कामगारांशी वाटाघाटी केल्या आहेत, पुरवठादाराच्या मागे लागून माल आणवला आहे, त्याला त्यातले बारकावे दिसतात. थेट पदवीनंतर आलेल्याला ती फक्त गोष्ट वाटते. अनेक व्यवस्थापन संस्था निवडीत अनुभवाला गुण देतात. इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या एका वर्षाच्या मुख्य अभ्यासक्रमाला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, तर जुन्या आयआयएममधील एकवर्षीय पूर्णवेळ अभ्यासक्रमांना साधारण चार-पाच वर्षांचा.

म्हणून ज्यांचे मन अजून ठरत नाही त्यांच्यासाठी एक व्यवहार्य मार्ग सुचवतो. शेवटच्या वर्षात गेट द्या. तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही ती देता येते, आणि तिचा गुणांक निकालापासून तीन वर्षे चालतो. कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांतील एमबीए प्रवेशाच्या परीक्षेचा, गुणांक मात्र त्याच वर्षीच्या प्रवेशांसाठी उपयोगी पडतो. म्हणजे गेट चांगली देऊन नोकरीला लागलेल्या अभियंत्यासाठी एम.टेक.चे दार आणखी काही काळ उघडे राहते, आणि तेवढ्या काळात साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, फलटणच्या इंजिन कारखान्यात, कोयनेच्या वीजगृहात किंवा पुण्यातल्या संगणक कंपनीत काम करताना त्याला आपला कल कळतो. एनटीपीसी, पॉवरग्रीड यांसारख्या सार्वजनिक कंपन्या गेटच्या गुणांवर अभियंत्यांची भरती करत आल्या आहेत, हा आणखी एक लाभ.

मात्र संगणकशास्त्रात किंवा चिप डिझाइनमध्ये ज्याचे मन आधीच रमले आहे, त्याने ‘आधी अनुभव घेऊ’ म्हणून दोन वर्षे घालवू नयेत. चांगल्या आयआयटीतील किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम.टेक.मुळे ज्या कामांची दारे उघडतात, ती केवळ अनुभवावर क्वचितच उघडतात. प्राध्यापक व्हायचे असेल तर चर्चेला जागाच नाही. अभियांत्रिकीचे अध्यापन करायला पदव्युत्तर तांत्रिक पदवी आणि पुढे पीएच.डी. हाच मार्ग आहे.

पैशाचा हिशेब

या बाबतीत दोन मार्गांत सर्वांत मोठी तफावत आहे, आणि आपल्या भागातील कुटुंबांनी ती कागदावर मांडूनच पाहायला हवी. एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता असलेल्या पूर्णवेळ एम.टेक.ला गेटच्या गुणांवर प्रवेश घेतलेल्या पात्र विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते, म्हणजे २४ महिन्यांत २,९७,६०० रुपये. शासकीय संस्थेत वसतिगृहात राहिले तर घरून फारसे पैसे मागवावे लागत नाहीत. गेट न देता प्रवेश घेतल्यास हे विद्यावेतन मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. दुसरीकडे जुन्या आयआयएममधील दोन वर्षांचे शुल्क २० लाखांच्या पुढे आहे, आणि अनेक खाजगी संस्थाही त्याच घरात आहेत.

समजा २० लाखांचे कर्ज चार सत्रांत समान भागांत उचलले, व्याजदर १० टक्के धरला आणि शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी परतफेड सुरू झाली. तोवरचे साधे व्याजच साडेतीन लाख रुपये होते. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता ३१ हजारांच्या आसपास जातो. वाळव्यातले उसाचे बिल हंगामात येते, तासगावच्या द्राक्षबागेचे पैसे वर्षातून एकदा येतात. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला कापला जातो. तेव्हा हा हप्ता शेतीच्या उत्पन्नातून फिटेल असे गृहीत धरू नये. तो नव्या नोकरीच्या हाती येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशात बसत असेल तरच कर्ज घ्यावे, आणि तो पगार कोणता धरायचा हे पुढे सांगितले आहे. शिकत असतानाचे व्याज दरमहा भरणे शक्य असेल तर जरूर भरावे. मुद्दल वाढत नाही आणि अनेक बँका त्यासाठी व्याजदरात थोडी सूटही देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण आणि जामीनदार न घेता कर्ज मिळते, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असून अन्य सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेतलेली नसेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ठरावीक काळ ३ टक्के व्याजसवलतही मिळू शकते. जमीन तारण ठेवण्याआधी संबंधित संस्था या यादीत आहे का ते पाहावे.

हिशेबात सुटलेला पगारही धरायचा असतो. आज महिना २५ हजार रुपये मिळत असतील तर दोन वर्षांत सहा लाख रुपये बुडतात, मग शिक्षण कोणतेही असो.

संस्था तपासताना

जाहिरातीतला ‘सर्वोच्च पॅकेज’चा आकडा पूर्णपणे बाजूला ठेवा. तो एका विद्यार्थ्याचा असतो. सरासरीही फसवी असते, कारण दोन-चार मोठे आकडे तिला वर खेचतात. विचारायचा तो मध्यक पगार, म्हणजे निम्म्या विद्यार्थ्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळाला तो आकडा. राष्ट्रीय मानांकनात, म्हणजे एनआयआरएफमध्ये, सहभागी झालेल्या प्रत्येक संस्थेने भरलेली माहिती त्या संकेतस्थळावर जाहीर असते. त्यात किती विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, किती जण ठरल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेले आणि मध्यक वार्षिक पगार किती, हे वर्षनिहाय दिलेले असते. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा तक्ता पाहा आणि कर्जाच्या हप्त्याचा हिशेब याच आकड्यावर करा. आकडे संस्थांनी स्वतः दिलेले असतात, म्हणून माजी विद्यार्थ्यांकडून ते पडताळून घ्यावेत.

एम.टेक.साठी मात्र संस्थेच्या नावाइतकेच, कधी कधी त्याहून अधिक, महत्त्व मार्गदर्शकाला आणि प्रयोगशाळेला आहे. साधारणपणे पहिले वर्ष विषयांचे आणि दुसरे प्रबंधाचे असते, आणि त्या दुसऱ्या वर्षातच तुम्ही खऱ्या अर्थाने घडता. विभागाच्या पानावर जाऊन प्राध्यापकांचे गेल्या काही वर्षांतील शोधनिबंध शोधा. उद्योगांनी दिलेले प्रकल्प त्यांच्याकडे आहेत का, यंत्रे चालू स्थितीत आहेत का, आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध कोणत्या विषयांवर आहेत हे पाहा. एखाद्या नामांकित संस्थेत मन लागणार नाही अशी शाखा घेण्यापेक्षा थोड्या खालच्या क्रमांकाच्या संस्थेत आवडीची शाखा आणि चांगला मार्गदर्शक मिळणे मला अधिक मोलाचे वाटते. एमबीएबाबत मी असे म्हणणार नाही. तेथे सहाध्यायी, माजी विद्यार्थ्यांचे जाळे आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या यांवरच बरेचसे अवलंबून असते. त्यामुळे चांगली संस्था मिळत नसेल तर भरमसाट शुल्क भरून कोणतेही एमबीए करण्यापेक्षा आणखी एक वर्ष नोकरी करून पुन्हा परीक्षा द्यावी, असा माझा आग्रह आहे.

परीक्षा आणि मधले मार्ग

गेट साधारणपणे फेब्रुवारीत होते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यांपैकी १५ गुण सामान्य बुद्धिमापनाचे. कॅट नोव्हेंबरच्या अखेरीस होते. भाषा, तर्क आणि गणित अशा तीन भागांना ४० मिनिटे प्रत्येकी. अभियंत्यांना गणिताची भीती नसते, पण इंग्रजी उताऱ्यांचा भाग अनेकांना मागे खेचतो, विशेषतः दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना. त्यावर शिकवणीपेक्षा वर्षभर रोज इंग्रजी वर्तमानपत्रांतील आणि नियतकालिकांतील मोठे लेख वाचणे हाच उपाय आहे, आणि तो लवकर सुरू करावा लागतो. शिवाय कॅटला अभियंत्यांची गर्दी फार असते आणि काही संस्था अन्य शाखांच्या पदवीधरांना विविधतेचे जादा गुण देतात, त्यामुळे आपल्याला वरचे पर्सेंटाइल लागते. राज्याची एमबीए सीईटी वेगळ्या धाटणीची आहे: आतापर्यंतच्या स्वरूपात २०० प्रश्न, १५० मिनिटे आणि चुकलेल्या उत्तराला गुण वजा नाहीत, म्हणजे सगळा भर वेगावर. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेत राज्यातील विद्यार्थ्यांना याच परीक्षेतून जाता येते आणि त्या संस्थेचे शुल्क आयआयएमच्या तुलनेत बरेच कमी आहे. गेट आणि कॅट एकाच वर्षी पूर्ण ताकदीने देण्याचा हट्ट करू नये.

ज्यांना दोन्ही जातींचे प्रश्न आवडतात त्यांच्यासाठी मधले मार्गही आहेत. औद्योगिक अभियांत्रिकी आणि ऑपरेशन्स रिसर्चमधील एम.टेक. हा त्यांपैकी एक. मुंबईतील पूर्वीची नीटी, जी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली, ती उत्पादन आणि पुरवठा साखळी यांसाठीच ओळखली जाते. कारखान्यातच राहून वर चढू इच्छिणाऱ्या अभियंत्याने तिचा जरूर विचार करावा. नोकरी सोडणे शक्य नसेल तर बिट्स पिलानीसारख्या संस्थांचे नोकरदारांसाठीचे एम.टेक. अभ्यासक्रम आहेत, पण कंपनी बढतीसाठी ती पदवी ग्राह्य धरते का, हे मनुष्यबळ विभागाकडून लेखी विचारून घ्यावे.

कागदपत्रे आधी करून ठेवा

प्रवर्गाच्या प्रमाणपत्रांकडे आपल्याकडे सर्वांत उशिरा लक्ष जाते, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो. आयआयटी, एनआयटी आणि आयआयएम या केंद्रीय संस्था आहेत. तेथे केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते आणि राज्याच्या प्रवेशासाठी काढलेले चालत नाही. राज्यातील एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, प्रवर्ग तेथे लागू नाही, त्यामुळे मराठा विद्यार्थ्यांचा अर्ज खुल्या प्रवर्गातून किंवा अटी पूर्ण होत असल्यास ईडब्ल्यूएसमधून, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातून, जातो. मात्र केंद्राच्या ईडब्ल्यूएस निकषांत कुटुंबाची शेतजमीन ५ एकर किंवा त्याहून अधिक असेल तर उत्पन्न कितीही कमी असले तरी पात्रता मिळत नाही. जिरायत पाच-सहा एकर असलेल्या माण-खटाव आणि जतच्या अनेक कुटुंबांना हे अर्ज भरताना कळते. कुणबी नोंद असलेल्यांना केंद्रीय ओबीसी नमुन्यातील नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागते आणि ते चालू आर्थिक वर्षातले असावे लागते. गेट आणि कॅटचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास भरले जातात, त्यामुळे सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रे घेऊन जून-जुलैतच तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात अर्ज करावा. राज्यातील कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीतून प्रवेश घेणार असाल तर महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरील शुल्क सवलतीच्या योजनाही त्याच वेळी तपासून घ्याव्यात, कारण त्यांसाठीचा उत्पन्नाचा दाखला पुन्हा वेगळा मागितला जाऊ शकतो.